नव्या इंजिनाचं बिल

घोडेगाव, मंगळवार, संध्याकाळ

भीमाशंकरच्या घाटात उलटलेली माझी प्रवासी जीप आता दुरुस्त होणार नाही, हे मलाही मान्य. पण विमा कंपनीच्या साहेबांनी तिची किंमत भंगाराइतकी लावली. "गाडी जुनी आहे," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, इंजिन दिवाळीतच नवं बसवलंय. हे बिल." त्यांनी बिलाकडे पाहिलंही नाही. सही न करताच उठलो. चुकलो का?

घरी बायको चिडली. "जीव वाचला न्हवं? मिळतंय ते घ्या की!"

तिचं खरंय. पण त्या इंजिनासाठी तिचीच दुभती म्हैस विकली, हे साहेबांना कुठल्या कागदावर दाखवू? जेवण गेलं नाही. तक्रार लिहायला बसलो, तर पहिलंच वाक्य तीनदा खोडलं. तिनं पेन काढून घेतलं.

"सांगा, मी लिवते," म्हणाली. "नवं इंजिन व्हतं, हे पयलं लिवते."