वैजूची दुसरी सुई

॥ श्री ॥
राजारामपुरी, कोल्हापूर
ता. ४ ऑगस्ट १९७५

चि. कालिंदीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू डॉक्टरकी शिकायला पुण्यात आणि इथं तुझ्या भाचीची दैना! तुझ्या सांगण्यावरून वैजूला घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची ती त्रिगुणी लस टोचली. दोन दिवस पोर तापानं फणफणली, मांडी पेरूएवढी सुजली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. पोर ब्येस खेळत हुती, सुई टोचून आजारी पाडलीसा, म्हणाल्या. दुसरी सुई देऊ द्यायची न्हाय, हेही ठणकावलं. खरं सांगू, मलाही धीर नाही. काय करू ते कळव.

मेसचं खाऊन हडकू नकोस. माया आहेच.
तुझी ताई,
श्यामला

पुणे
ता. ९ ऑगस्ट १९७५

ती. श्यामलाताईस सा. न. वि. वि.

अगं, लस बाधली नाही, लागू पडते आहे! अंगात परकं काही शिरलं की आधी राखणदार पेशी धावतात. सूज, ताप हा त्यांचा आरडाओरडा. समोर येईल त्याला त्या झोडपतात, ओळख लक्षात ठेवत नाहीत. पण शत्रूचा तुकडा घेऊन त्यातल्या काही जांघेतल्या गाठीत जातात आणि तिथल्या दुसऱ्या पेशींना दाखवतात. जिला तो नेमका ओळखता येतो ती पेशी वाढते, आणि त्याच शत्रूवर उतारा तयार करते. याला दिवस लागतात. राखणदार ओरडलेच नाहीत तर या दुसऱ्या जाग्याच होत नाहीत. एका सुईनं ओळख पुसटच राहते. पुढच्या दोन ती पक्की करतात. म्हणून हात जोडते, चुकवू नकोस. घटसर्प फार वाईट.

सर्वांस नमस्कार, वैजूला पापा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
कालिंदी

कोल्हापूर
ता. २० नोव्हेंबर १९७५

चि. कालिंदीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

केवढी गं मास्तरीण झालीस! तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसरी सुई झाली, तिसरीही झाली. आता माझ्यामागचा धोशा सोड आणि परीक्षेचं बघ. वैजू धरून उभी राहते.

पत्र टाकत जा, तेवढाच आधार.
श्यामला

कोल्हापूर
ता. ९ जानेवारी १९७८

चि. कालिंदीस आशीर्वाद.

वैजू इस्पितळात आहे. परवा ताप आला, घसा दुखू लागला. तुझ्या वर्गातला कृष्णात इथंच डॉक्टर आहे. तिन्ही सुया झाल्यात ना, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मग साधा घसा समजून त्यानं औषध देऊन घरी पाठवलं. काल तिचा श्वास घरघरू लागला. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तीनच सांगितल्या.

कालिंदी, दिली होती ती एकच. तुला मी खोटं लिहिलं होतं. खरं सांगितलं तर तो तुला कळवील, या लाजेपायी मी पोटच्या पोरीचा जीव धोक्यात घातला.

सासूबाई पुढं झाल्या. डाक्टर, येकच दिलीया, दुसरी म्याच देऊ दिली न्हाय, चूक माझी हाय, असं भरल्या दवाखान्यात म्हणाल्या. मग कृष्णातनं घसा नीट उघडून पाहिला. आत घटसर्पाचा राखाडी पडदा धरला होता. घोड्याच्या रक्तातून काढलेला तयार उतारा टोचलाय. तिच्या अंगचा तयार होईपर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणाला.

आज श्वास थोडा मोकळा आहे. पण विष हृदयावर उतरतं का, ते अजून दोन आठवडे पाहायचं आहे. सासूबाई तिच्या उशाशी बसून आहेत. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. तू ये.
श्यामला