मुकी शुक्री फार बोलते

तलासरी, मार्च २०१८

प्रिय सुनिता,

वापीच्या त्या चकचकीत शाळेत तू मजेत असशील, असं मी धरून चालते. इथे तुझी जागा तू गेल्यापासून रिकामी आहे. खुर्ची मात्र रिकामी नाही, तिच्यावर शिक्षण खात्याच्या ऑफिसने श्रवणयंत्रांची खोकी रचून ठेवलीत. तालुक्यातल्या विशेष गरजांच्या मुलांसाठी आधी तू होतीस, आता खोकी आहेत. ती रजा मागत नाहीत आणि साहेबांना उलट बोलत नाहीत, त्यामुळे ऑफिस समाधानी आहे.

आपली शुक्री आठवते ना, पुस्तकात नाक खुपसून वाचणारी? तू गेल्यावर तिची नजर आणखी उतरली. आता माझ्या वर्गात, सातवीत आहे. मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळाली तर स्वतः वाचेल, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. ती मागायला मी ऑफिसात गेले, तर तिथे कळलं की शुक्रीच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ती मुकी आहे.

हस खुशाल, माझं हसून झालंय. झालं असं की तू गेल्यावर पाहणीला आलेला कारकून घाटावरचा, नवाकोरा. शुक्रीची आई बुधीबाई घोलवडच्या वाडीत चिकू तोडायला जाते, शेठाणीशी बोलून बोलून तिची निम्मी जीभ गुजराती झालेली. कारकुनाने विचारलं, पोरीचं काय? ती म्हणाली, "निशाळमां मूकी छे." म्हणजे शाळेत घातलीय, एवढंच. त्याने मधला शब्द टिपला, हळहळून मान हलवली आणि पुढच्या घरी गेला. मुकी म्हणजे बहिरी असणारच, हे ऑफिसचं शास्त्र. तेव्हापासून दर शिबिरात शुक्रीच्या पदरात एक श्रवणयंत्र पडतं.

गेल्या गुरुवारी मी तिलाच साहेबांसमोर उभी केली. म्हणाली, "सायेब, मी मुकी नाय. मना दिसत नाय. आन तुमचा पंखा लय कुरकुरतो, त्याला तेल घाला." साहेबांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "वा मॅडम, काय प्रगती आहे! यंत्राचा गुण आला." मी म्हटलं, "साहेब, यंत्र अजून खोक्यात आहे." "मग तर फारच छान!" तेवढ्यात बाहेर बसलेली बुधीबाई आत आली. "सायेब, सकाळपासून तोंड बंद नाय हिचा. मुकी करायचा औषध असंल तर द्या, मी घेऊन जाते." आधी शिपाई हसला, मग साहेबांनाही हसावं लागलं.

हसल्यावर माणूस जरा खरं बोलतो. नोंद चुकली असेल, म्हणाले, पण ती बदलायला विशेष शिक्षकाने मुलीला तपासून सही करायला हवी. विशेष शिक्षक कुठेय? जागा रिकामी आहे. ती कधी भरणार? वरून मंजुरी आली की. वर कोणी कळवलंय? ते विशेष शिक्षकाचं काम. मी म्हटलं, बाहेरून कोणी आलं तर? विशेष शिक्षक म्हणून नोंदणी चालू असेल तर चालेल, पण येत्या मंगळवारी पुस्तकांची मागणी वर जाते. ती चुकली की आठवीचं वर्ष गेलं. आणि न वाचता आठवीत बसवलेली पोर दिवाळीनंतर आईबरोबर चिकूच्या वाडीत दिसते, हे तुला मी सांगायला नको.

तू का गेलीस, हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. दर अकरा महिन्यांनी स्वतःचीच नोकरी हात जोडून परत मागायची, याला कोणीही कंटाळेल. तुझी नोंदणी चालू आहे, एवढी चौकशी मात्र मी केली.

काल शुक्रीला भूगोल वाचून दाखवत होते. रोज दाखवते, आणि खरं सांगू, त्याचा मला थोडा तोराही होता. मध्येच तिने पानावर हात ठेवला. "बाई, तुमी चित्रां सोडून देतास." नदीचा अख्खा धडा मी संपवत आणला होता, आणि पानभर पसरलेली नदी तिला सांगितलीच नव्हती. माझ्या वाचण्याने तिचं भागत नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी ये, शुक्रीला तपास आणि सही कर. तू येणार असं साहेबांना मी सांगून टाकलंय. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू विचार करत बसली असतीस.

तुझीच,
सोमवारी पहिल्या गाडीपासून नाक्यावर उभी असणारी,
हर्षदा