मेलेली तार

सर, तुमच्या शाळेतली प्रयोगाची खोली मला अजून दिसते. सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यातलं गाव, रोवणीचे दिवस. मुलांना भौतिकशास्त्र कसं समजतं ते शोधायला मी विद्यापीठातून आले होते. बॅटरी, बल्ब, दोन तारा आणि एक नियम: उत्तर बरोबर की चूक ते मुलांना सांगायचं नाही, पंधरा दिवसांनी तेच पुन्हा विचारायचं. याच खोलीत तुम्ही मला शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र मला अडचण नको म्हणून तुम्ही दाराबाहेर उभे राहिलात.

नववीतली ती मुलगी, तलावावर मासे धरणाऱ्याची, बल्ब विझवून म्हणते, "आता तार मेली, बाई. दिवा नाई लागला त तार काही करत नाई." मी घाईघाईने लिहून घेते. असंच उत्तर मला हवं होतं. ती गेल्यावर तुम्ही आत येऊन विचारलंत, "सांगतलं का तिले?"

"नाही सर, अभ्यास बिघडेल. तुम्हीही पंधरा दिवस सांगू नका."

"अभ्यास तुहा हाय, पोरगी माही हाय." तुम्ही खिडकीतून तलावाच्या पाळीकडे, बांधाकडे पाहत राहिलात. तिथला विजेचा खांब कलला होता, तारा फार खाली आल्या होत्या. मग म्हणालात, "बरं. तू शिकून आली. तुले जास्त समजते."

नवव्या दिवशी वादळात तार तुटली. सकाळी गावात लाइट नव्हती, म्हणून पाळीवर पडलेली तार तिने वडिलांच्या वाटेतून हाताने बाजूला केली. खांबाकडून तार जिवंत होती, तिच्यात वीज होती. मुलीचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. दवाखान्यात ती मला म्हणाली, "बाई, लाइट त नव्हती ना?" परीक्षेत उत्तर चुकावं तशी. तिचे वडील तुम्हाला विचारत होते, "शाळेत काय शिकवता पोरीले?" तुम्ही म्हणालात, "माह्याकडून सांगाचं राहून गेलं, भाऊ." मी शेजारीच उभी होते.

तिचं वाक्य माझ्या प्रबंधात आहे. लोक अजून त्याचं कौतुक करतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी बजावते, मुलाखत संपली की पोरांना खरं सांगूनच उठायचं. काऊन, कशासाठी, ते सांगत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. तुम्ही गेल्याची खबर मला वेळेवर मिळाली होती. बस चुकली, असं मी सगळ्यांना सांगितलं. चुकली नव्हती. मी चंद्रपूरच्या स्टँडवर बसून होते; गाडी समोर लागली, भरली, सुटली. तुमची ती पोरगी अंत्यविधीला आली असेल, डाव्या हाताने तिने तुम्हाला फुलं वाहिली असतील, आणि मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं.