स्वयंपाकघराकडून तिसरी पट्टी

पवनी,
१९ मे २०१६

साडूबंधू भोजराजजी यांस,

सप्रेम जयभीम. करडी गावी उन्हाळी धान घरी आले असेल, आपला गुडघा आपणांस बांधापर्यंत तरी जाऊ देत असेल व सौ. सरिताबाई कुशल असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. तेव्हा भेटीस येण्याचे कष्ट घेऊ नयेत, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो.

पत्रास कारण लाकूड. आपल्या दोघांच्या सासुरवाडीचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाण्यापूर्वी रत्नमालेने घराचे सागवान सोडवून आणले आणि हिरालाल सुताराकडून पट्ट्या पाडून आमच्या बैठकीत त्यांची जमीन करविली, हे आपण जाणताच. (फरशी अधिक टिकाऊ, असे मी तिला लेखी कळविले होते. एकाच घरात राहून लेखी कशाला, असे तिने तोंडी विचारले.) स्वयंपाकघराकडून तिसरी पट्टी पहिल्या दिवसापासून कुरकुरत असे. रत्नमाला चहा घेऊन निघाली की पट्टी वाजे आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवी. ही पट्टी दुरुस्त करावी, अशी माझी पाच वर्षे तक्रार होती.

मार्चमध्ये रत्नमाला गेली. एप्रिलमध्ये मी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसविल्या. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी, हा तिचा नेहमीचा आग्रह. गार केलेली हवा रस्त्यावर सोडणे हा अपव्यय, हे माझे मत. एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकविल्याने ते शास्त्रीय मानले जाई (माझ्याकडून). यंदा विरोधी पक्ष उरला नसल्याने मी सर्व खिडक्या लावून घेतल्या. आठवड्यात मीठ पाझरले, पापड वातड झाले आणि पंधराव्या दिवशी बैठकीच्या मधोमध जमिनीने अशी पाठ वर काढली की टीपॉय आपण होऊन दाराकडे निघाला.

हिरालाल आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "कूलर लावून खिडक्या काहून बंद केल्या जी, सर? लाकूड पानी पिऊन फुगून राहिलं, त्यानं जावं कुठं? बाई असत्या तर असं होऊ देल्या असत्या काय?" भौतिकशास्त्राने उठून खिडक्या उघडल्या.

धरणातून वाचलेले लाकूड मी कूलरात बुडविले, भोजराजजी. फुगवट्याचे दुःख नाही. पट्ट्या एकमेकींत इतक्या आवळल्या आहेत की तिसरी पट्टी गप्प झाली आहे. मी तिच्यावर उभा राहिलो, चाललो, शेवटी उड्याही मारल्या (वय चौसष्ट, शेजारच्या कलाबाई दारातून पाहून परत गेल्या). नाद नाही. पाच वर्षांची माझी तक्रार पूर्णपणे दूर झाली असून मला या घरात राहवत नाही.

आपला,
घनश्याम गजभिये

ता. क. १ : कूलर बंद व खिडक्या उघड्या ठेवल्यास लाकूड हळूहळू पाणी सोडील, असे हिरालाल म्हणतो. सेहेचाळीस अंशांत तसाच बसलो आहे.

ता. क. २ : काल हिरालाल त्या पट्टीवरून गेला तेव्हा ती किंचित कुरकुरली. माझ्या पायाखाली मात्र नाही. त्याच्या मते माझे वजन कमी पडते. रत्नमालेचे वजन मला ठाऊक नाही (विचारण्याचे धाडस झाले नाही), परंतु सरिताबाई अंगलटीने हुबेहूब आपल्या ताईसारख्या आहेत. त्यांना घेऊन चार दिवस अवश्य यावे. कारण त्यांना सांगू नये.

ता. क. ३ : चहा मीच करीन. त्यांनी केवळ तो बैठकीत आणावा. मी वर्तमानपत्र उघडून बसलेलो असेन.