आईचे आडवे, माझे उभे

बाबा, आई चालली. म्हणजे तुमच्यासारखी नाही, घाबरू नका. ऑस्ट्रेलियाला, पर्थला, ताईकडे, कायमची. ताईला बाळ होणार आहे, आणि आईला इथला बर्फ आता झेपत नाही. घराबाहेर ‘सोल्ड’चा बोर्ड लागला तेव्हा मी त्याला तुमची जुनी लोकरी टोपी घातली, खाली गाजराचं नाक लावलं. घर विकणारी रिअल्टर बाई चिडली. आई म्हणाली, "पंचविशी उलटली, पण याचे माकडचाळे काही संपत नाहीत." तुम्ही असते तर आधी हसले असते आणि मग तिच्या बाजूनं बोलले असते.

नागपूर सोडायच्या आधी घरभर बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि तुम्ही मात्र फरशीवर मांडी घालून कागदावर चौकोन आखत बसले होते. कॅनडाचं शब्दकोडं. सूचना मराठीत, उत्तरं इंग्लिशमध्ये. ‘थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीला प्लग लावून झोपवतात, ते यंत्र’. ब्लॉक हीटर. आम्हाला वाटलं, बाबा फेकून राहिले. चौकट मध्ये ठेवलेली, आडव्या शब्दांची चिठ्ठी आईकडे, उभ्यांची ताईकडे आणि माझ्याकडे. एकमेकांची चिठ्ठी पाहायची नाही. आईचं अडलं की आमच्या अक्षरावरून सुटायचं, आमचं अडलं की तिच्या. मी तिची चिठ्ठी चोरून पाहतो आणि तुम्ही माझा कान धरता. "एकट्याला सुटलं तर ते कोडं नाही रे, परीक्षा आहे. आणि परीक्षेत तुझं काय होते ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे." मग सस्काटूनला उतरलो, तर पार्किंगमध्ये खरंच गाड्यांच्या तोंडातून वायरी लोंबत होत्या. आई भर थंडीत ओरडली, "अहो, ब्लॉक हीटर!" जसं काही नात्यातलं माणूस भेटलं.

तुम्ही गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर आपल्या घरात कोणी कोडं केलं नाही. या वेळी मी केलं. ऑस्ट्रेलियाच्या बोलीचं. मी टायरच्या दुकानात आहे, युनिव्हर्सिटी दोन सेमिस्टरमध्येच सोडली, हे तुम्हाला आवडलं नसतं. विंटर टायर लावायला गाड्यांची रांग लागलेली असते, त्यातून जो लंच ब्रेक मिळाला त्यात चौकोन आखले, बोटाच्या ग्रीससकट. ती लोकं दुपारला आर्वो म्हणतात, पेट्रोल पंपाला सर्व्हो, मच्छराला मॉझी. सूचना मी माझ्या पद्धतीनं लिहिल्या. ‘पर्थमध्ये ताईच्या नवऱ्यापेक्षा जास्त रक्त पिणारा’. माझा प्लॅन सरळ होता. आई अडेल. अडली की मला विचारेल. मी एकेक उभा शब्द देत जाईन, आर्वोची संध्याकाळ होईल, आणि मध्येच कुठेतरी मी बोलून टाकीन की आई, जाऊ नको.

रविवारी तिनं तर्री-पोहे केले होते. अर्धं किचन खोक्यांत गेलेलं, त्यामुळे पोहे आइस्क्रीमच्या डब्यांच्या झाकणांत. मी चौकट पुढे सरकवली. आईनं चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, पेन मागितला आणि भरत सुटली. एकीकडे बोलणं चालूच. "आर्वो. दुपार पूर्ण म्हणायला यांच्या बापाचं काय जाते?" तिसरा भरला, चौथा भरला. मॉझीवर हसलीसुद्धा, "जावई आहे रे तो." मी विचारलं, तुला हे सगळं कसं येते?

"ताई रोज फोनवर शिकवते ना. चार महिने झाले."

चार महिने, बाबा. मी बेसमेंटमध्ये गेम खेळत होतो आणि वरच्या मजल्यावर आई एक अख्खा देश पाठ करत होती. मला वाटत होतं तिला जावं लागून राहिलं. ती तर स्वतःच निघाली होती.

तिनं सगळे आडवे भरले आणि पेन माझ्यासमोर ठेवला. "तुझे उभे?"

"उभे आहेत बिचारे," मी म्हटलं, "थोड्या वेळानं बसतील."

ती हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली, जशी दूध उतू जाते का म्हणून पाहते. "तू कधी सरळ बोलशील का रे?"

तिनं दार उघडून दिलं होतं, आणि मी म्हटलं, "सरळ बोललो तर टायर कोण फिरवेल?" मलाच कळलं नाही मी काय बोललो. आई उठली. "माझं झालं. तुझं तू भर." मग टेपचा आवाज, खर्रकन्, खोक्यावर.

एअरपोर्टवर तिच्या बॅगा मीच चढवल्या. ती म्हणाली, "तुझ्या गाडीला विंटर टायर लाव, गावाच्याच गाड्यांना लावत बसू नको." मला ‘चल’ कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी जोकच मारला असता, हे दोघींना पक्कं माहीत आहे. सिक्युरिटीच्या पलीकडे तिनं एकदा वळून पाहिलं. मी तोंड वेडंवाकडं केलं. दुसरं काही करता आलं नाही.

आता महिनाअखेरीला घराची चावी द्यायची आहे. मित्राच्या बेसमेंटमध्ये एक खोली बघितली, खिडकी आहे, पण बर्फानं बुजलेली. दुकानातून येतो, बूट काढतो आणि कोणी ओरडायला नाही म्हणून ते दारातच पाणी सोडत पडतात. आत्ता आईचा फोन येऊन गेला. तिकडे उजेड, मागे कुठला तरी पक्षी केकाटत होता. "काय करून राहिला?" म्हणे. म्हटलं, काही नाही, टाइमपास. ती "बरं" म्हणाली. मग ताईनं तिला हाक मारली.

खरं सांगू, बाबा? तुमचा आवाज आता मला नीट आठवतही नाही. हे सगळं तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही. आईला पाठवलं तर ती वाचेल. आणि वाचलं तर परत येईल, म्हणून तिला पाठवत नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण भीती ती नाही. भीती ही आहे, की ती वाचेल आणि येणार नाही.