गुलाबी टिकंना

३ जुलै, बुधवार
लातूरला आलो एकदाचा. मुखेडहून एस्टीत उभाच आलो, पण मजा आली. बारावीत केमिस्ट्रीनं मला दोनदा पाडलं, आन नोकरी लागली ती कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधीच. लॅबच्या विनीता मॅडम म्हणल्या, दोघं आलाव, जागा एकच हाय; दहा-बारा दिवस काम बघते आन एकाला ठेवते. दुसरा गुरुलिंग, निलंग्याचा. लई कमी बोलतो. तो जेवाय गेला तवा त्याच्या ॲप्रनचे खिसे शिवून टाकले. संध्याकाळपर्यंत हात घालाय बघत व्हता. चिडला न्हाई, हसलाच.

५ जुलै, शुक्रवार
काम सोपं हाय. फ्लास्कमधी दहा मिली ॲसिड घ्यायचं. ते किती जहाल, ते फक्त मॅडमला ठावं. इंडिकेटरचे, म्हंजे सोडा जास्त झाला की गुलाबी व्हणाऱ्या औषधाचे, दोन थेंब टाकायचे. वर ब्युरेट, म्हंजे आकडे छापलेली लांब काचेची नळी, तिच्यात कॉस्टिक सोडा. तोटी ढिली करून थेंब थेंब सोडायचा, फ्लास्क हलवत राहायचा. फिक्कट गुलाबी झालं आन टिकलं की बंद. सोडा किती लागला त्यावरून ॲसिडचा जोर निघतो.
माझं दर खेपेला लग्नातल्या सरबतावानी गडद व्हतं. गुरुलिंगचं एका थेंबावर थांबतं. मॅडम कॉलेजच्या पोरांना म्हणल्या, हात असा पाहिजे. मला म्हणल्या, श्रीनाथ, तू बाटल्या धू.

८ जुलै, सोमवार
मॅडमनी आपल्या डब्यातली शेंगाची पोळी त्याला दिली. मला विचारलं बी न्हाई. पोटात आंबट आंबट झालं. मग त्याच्या बाटलीतलं ॲसिड वतून टाकून नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं. पाण्याला काय लागतंय, पहिल्याच थेंबाला गुलाबी व्हईल आन भाऊ तोंडावर पडंल. तोंड बघाय शेजारीच उभा राहिलो.
त्याला ९.८ मिली सोडा लागला.
मला हळूच म्हणला, बाटलीत पाणी हाय हे मला वतानाच कळलं. पण मग हे आंबट आलं कुठून? मॅडमला काही सांगितलं न्हाई त्यानं.

१० जुलै, बुधवार
एकट्यानं करून बघितलं. नुसतं पाणी, एक थेंब, गुलाबी. बरोबर हाय. तेवढ्यात शेजारच्या खोलीत गुरुलिंग काहीतरी बोलला आन मॅडम हसल्या. माझ्या डोळ्यादेखत गुलाबी गेलं. परत थेंब टाकला, परत आलं. मॅडमनी त्याला बाळा म्हणलं. परत गेलं.
फ्लास्कमधी काही न्हाई. माझ्यात हाय.

११ जुलै, गुरुवार
ओट्याच्या शहाबादी फरशीवर हात टेकला तर ॲसिड सांडल्यावानी फेस आला. पंजा उमटला दगडात. गुरुलिंगनं बघितलं, ओल्या फडक्यानं पुसलं, मॅडमला दिसू नये म्हणून वर ट्रे ठेवला. एवढा चांगला कामून वागून राहिला हा?
दगड अजून चुरचुरला.

१३ जुलै, शनिवार
आईचा फोन आला. म्हणली, आवाज कसातरी येतोय, घरी ये. गेलो तर जागा त्याची. न्हाई जात.
वहीच्या पानाला बोटाची भोकं पडाय लागली —

१५ जुलै, सोमवार
सकाळीच कळलं. जागा गुरुलिंगला.
तो मला म्हणला, भिऊ नको, किती हाय तेवढं काढू, मग तू मोकळा. माझा डावा हात काचेच्या टबात, पाण्यात. इंडिकेटर टाकला. तोटी त्याच्याकडं. रीडिंग मी लिहायचं.

५० मिली. नळी परत भरली.

१००. गुलाबी न्हाई.

१५० — कडंला जराशी झाक. बोटं दिसून न्हाई राहिली. दुखत बी न्हाई. म्हणतोय, एक थेंब, श्रीनाथ, झालंच —

गुलाबी. टिकलंय. अजून टिकलंय.

मॅडम दारात आल्या. आत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणल्या, किती गुणाचं लेकरू —

गेलं. गुलाबी गेलं. मनगट बी —