आईसाठी उबदार खोली

३ डिसेंबर
आईचा फोन आला! चार महिन्यांनी! डोंगरावर चढून, चोरून मिळवलेल्या फोनवरून बोलते बिचारी, तेही दोनच मिनिटं. उत्तर कोरियातलं, तुमेन नदीकाठचं आमचं ह्वेर्योंग गाव अजून तसंच दिसतंय. विचारलं, "वीज असते का गं?" तर म्हणाली, "काल होती." वर मलाच विचारते, "तिकडे दक्षिणेत म्हातारी माणसं एकटीच मरतात म्हणे. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. खरं का?"

म्हटलं, "इथं नळाला गरम पाणी येतं."

आणि तिसऱ्यांदा इकडे बोलावलं तिला. "बघू" म्हणाली. आधी दोन्ही वेळा सरळ "नाही" म्हणाली होती, म्हणून "बघू"सुद्धा गोड लागलं.

६ डिसेंबर
आईसाठी खोली आवरली. जमिनीखालून ऊब येते तिथे, तिचे गुडघे सुखावतील. नवी गादी आणली. तिला फुलं आवडतात, म्हणून फुलांची.

नऊ वर्षं झाली इथं दक्षिण कोरियात, इंचॉनला या अकराव्या मजल्यावर. शेजारच्या बाईचं नाव अजून ठाऊक नाही. लिफ्टमध्ये दोघी आकडे बघत उभ्या राहतो. आणि तिकडे? सकाळी आमच्या धुराड्यातून धूर निघाला नाही, तर पाच बायका दारात हजर! भात नसायचा, बायका असायच्या. इथं भात आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज उरलेला भात मीच टाकते — टाकताना अजून हात अडतो. आमच्या मुख्य स्वयंपाकीण बांगबाई ओरडतात, "ओक-ह्वा, भाताचा निरोप घेतेयस की काय? टाक लवकर!"

९ डिसेंबर
आज बांगबाई म्हणाल्या, "तुझ्या बोलण्यावरून आता कुणी ओळखायचं नाही हो, तू कुठली ते!" दिवसभर हवेत होते. नऊ वर्षं घासून घासून तो हेल काढलाय मी. तिकडचा एक शब्द तोंडात राहू दिला नाही.

१२ डिसेंबर
नदी गोठली. पलीकडे चीनमध्ये बसलेला दलाल हान पैसे घेऊन नदीपार माणसं आणून देतो. तो म्हणाला, रविवारी जमेल. उद्या दुपारी आईचा ठरलेला फोन येईल. जेवण जात नाही.

१३ डिसेंबर
नुसती खरखर. ओरडूनच सांगितलं — "आई, रविवारी पहाटे, जुन्या विटांच्या भट्टीमागे! हानचा माणूस येईल. बर्फावरून अर्धा तास चालायचंय. जमेल का तुला?"

"इरॉप्सो," आई म्हणाली. आणि फोन तुटला.

इरॉप्सो! म्हणजे, मला गरज नाही, तुझं तू बघ. पोटच्या पोरीला असं तोडून बोलावं? काय आहे गं तिथं तुझं? मक्याची पेज, गोठलेली विहीर आणि काल असलेली वीज! रडले. मग रागच आला. त्या रागातच हानला कळवलं — येत नाही ती, माणूस पाठवू नका.

१४ डिसेंबर
आईच्या खोलीतली ऊब बंद केली. कुणासाठी चालू ठेवायची?

१८ डिसेंबर
कामावर सुन-बोक नावाची नवी मुलगी आलीय, तिकडचीच. आज बांगबाईंच्या हातून तिच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. "अगं बाई! भाजलं का गं?"

"इरॉप्सो," सुन-बोक म्हणाली.

बांगबाईंचं तोंड एवढंसं झालं. "बघा! मी काळजीनं विचारतेय आणि ही म्हणते, तुम्हाला काय करायचंय!"

मी हसतच मध्ये पडले. "अहो, तसं नाही! आमच्याकडे त्याचा अर्थ — काही त्रास नाही, चालेल मला —"

चालेल मला. आई "हो" म्हणाली होती! जमेल का विचारलं, तर जमेल म्हणाली होती. आणि मी इथल्या कानांनी ऐकलं. माझ्या आईचं बोलणं मला कळलं नाही!

रविवार तर उलटून गेला. हानचा फोन लागत नाही.

१९ डिसेंबर
लागत नाही.

२३ डिसेंबर
हानकडून बातमी आली. आई गेली होती. रविवारी पहाटे, गाठोडं घेऊन, भट्टीमागे. कुणी आलं नाही, तरी बसून राहिली. "पोरीनं सांगितलंय, येणारच" — म्हणे. सकाळी धुराड्यातून धूर नाही, संध्याकाळीही नाही. तेव्हा शेजारणी शोधत निघाल्या आणि पाठीवर घालून तिला घरी आणलं. म्हणून जिवंत आहे. दोन्ही पायांची बोटं काळी पडली होती. कापावी लागली.

त्या बायका नसत्या तर? मी इथं गरम पाण्यानं अंघोळ करत होते.

५ जानेवारी
आईचा फोन. शेजारणीनं पाठुंगळी घेऊन डोंगरावर नेलं तिला. आता काठी धरून दारापर्यंत जाते. बर्फावरून चालणं या जन्मी नाही.

म्हटलं, "आई, चूक माझी. मीच नको म्हणून कळवलं. मला माफ कर."

"इरॉप्सो," आई म्हणाली. "तू जेवलीस का?"